डावखुरा घोडेस्वार : ग्रेट फॉल्समधले पाच दिवस

आमच्या शेजारचे आजोबा तैलचित्रं काढतात. घोडे, गुरं, गोठलेले ओढे, दिवेलागणीला परतणारे स्वार. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोऱ्यांची वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली. त्या सरकत्या सीमेला, फ्रंटियरला, जे जगणं होतं त्याची ही चित्रं. इथे या चित्रकलेला वेस्टर्न आर्ट म्हणतात आणि तिचे चाहते अक्षरशः शेकडो मैल गाडी हाकत चित्रं बघायला जातात.

आम्ही वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला राहायला आलो तेव्हा लेक तीन वर्षांची होती. तिने त्यांना आणि त्यांच्या बायकोला पहिल्याच आठवड्यात आजी-आजोबा करून टाकलं. आता तिच्या वाढदिवसाच्या कार्डावर ते देवनागरीत ‘आजोबा’ अशीच सही करतात. त्यांची नोकरीची सगळी वर्षं हायस्कूलमध्ये वेल्डिंग शिकवण्यात गेली. चित्रकला रात्रीची आणि सुट्टीची. निवृत्तीनंतर मात्र ते पूर्णवेळ चित्रकार झाले.

दर मार्चमध्ये ते मोंटानातल्या ग्रेट फॉल्सला आपली चित्रं घेऊन जातात. चार्ल्स रसेल हा तिथला मोठा चित्रकार. जन्म १९ मार्च १८६४चा. त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास त्या गावात वेस्टर्न आर्ट वीक भरतो. गावभर प्रदर्शनं असतात. रसेलच्या नावाचं संग्रहालयही याच गावात आहे. आजी दरवर्षी सोबत असतात. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी दुसऱ्या क्षणाला हो म्हटलं. माझे बाबा कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षक होते. शाहू स्मारकच्या दालनात त्यांचं प्रदर्शन लागायचं तेव्हा खिळे, सुतळी आणि लेव्हलची बाटली घेऊन मी स्टुलापाशी उभी असायचे. ते काम माझ्या हातातलं आहे.

निघताना आजींनी मला एक वही दिली आणि बजावलं, “कोणी किंमत विचारली की त्याला बोलू देऊ नकोस. तू बोल. तो लगेच कमी करतो.”

बुधवार

पहाटे सहाला निघालो. पिकअपच्या मागे आजोबांनी स्वतः बनवलेली लाकडी पेटी, आत उभ्या खाचा, प्रत्येक खाचेत घोंगडीत गुंडाळलेलं एक चित्र. एकूण सतरा. सगळ्यात मोठं, चोवीस बाय छत्तीस इंचांचं, जानेवारीत संपवलेलं. त्याचा जवसाच्या तेलाचा वास अजून गेला नव्हता. तेलरंग हाताला सुकलेला वाटला तरी आत महिनोन्‌महिने ओलाच असतो. म्हणून त्या चित्राला पक्कं व्हार्निश न देता पातळ तात्पुरतं व्हार्निश दिलं होतं, आणि घोंगडी त्याच्या रंगाला टेकू नये म्हणून कडेला बुचाचे तुकडे लावले होते.

आयडाहोचा चिंचोळा भाग ओलांडून लुकआउट पासला मोंटानात शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं. मिझूलाच्या पुढे गाडी थांबवून पोळी, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आजोबा चटणी नुसती, चमच्याने खातात. तिथून हायवे २०० ब्लॅकफूट नदीच्या काठाने जातो. पाणी मध्ये काळं, दोन्ही कडांना बर्फाच्या लाद्या. लिंकन गाव मागे पडलं की रॉजर्स पासचा चढ सुरू होतो. २० जानेवारी १९५४ला इथे उणे ७० फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ५७ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अलास्का सोडली तर अमेरिकेत यापेक्षा थंड नोंद दुसरी नाही. आम्ही गेलो तेव्हा उणे नऊ होतं आणि रस्त्यावरून बर्फाची भुकटी सापासारखी सरपटत होती.

खिंड उतरताना जे दिसलं त्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. डोंगर हळूहळू लहान होत नाहीत, ते संपतातच. पुढे नुसती पिवळी जमीन, क्षितिजापर्यंत, आणि वर एवढं आभाळ की मान वळवावी लागते. आजोबा म्हणाले, “चित्रात आकाश मोठं ठेवलं की लोक विचारतात, खाली एवढंसंच का काढलंस? त्यांना इथे आणायला हवं.”

हॉटेलात पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. या प्रदर्शनांची रीत मी ऐकून होते, तरी बघताना नवल वाटलं. हॉटेलच्या खोल्या हीच दालनं. खोलीतला पलंग बाहेर काढतात, गादी भिंतीला उभी करतात, चारी बाजूंना कार्पेट चढवलेले फळे उभे करतात आणि त्यांवर चित्रं आणि चिमट्याचे दिवे. न्हाणीघरात रिकामी खोकी. सगळ्या कॉरिडॉरभर दारं उघडी, प्रत्येक दारात एक चित्रकार खुर्ची टाकून बसलेला. माझी झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती. आजोबा मात्र प्रदर्शनाच्या खोलीतच, त्या उभ्या केलेल्या गादीमागे घडीच्या खाटेवर झोपतात. चित्रांना एकटं ठेवत नाहीत.

टांगायला रात्रीचे अकरा वाजले. एक शिकले. आपल्याकडे चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत लावायची सवय आहे. आजोबा चित्रांची मध्यरेषा एका पातळीत ठेवतात, जमिनीपासून साठ इंचांवर. लहानमोठी चित्रं शेजारी आली तरी डोळ्याला झोके बसत नाहीत.

*जाणार असाल तर:* या आठवड्यासाठी हॉटेल काही महिने आधी धरा, आयत्या वेळी गावात खोली मिळत नाही. विमानाने यायचं तर सिॲटल, सॉल्ट लेक सिटी किंवा डेन्व्हरवरून सोय आहे. गाडीने येणार असाल तर मार्च म्हणजे इथे हिवाळाच धरा. बर्फाचे टायर, ब्लँकेट, पाणी आणि पूर्ण भरलेली टाकी. लिंकननंतर पेट्रोल पंप फार नाहीत.

गुरुवार

पहाटे चारला खिडकी हादरल्याने जाग आली. वाटलं वादळ. उठून पडदा सरकवला तर पार्किंगमधल्या बर्फाच्या ढिगातून पाण्याचे ओघळ वाहत होते. चिनूक आला होता. रॉकीज ओलांडून त्यांच्या पूर्वेकडच्या उतारावरून खाली येताना हवा दाबली जाते, कोरडी आणि गरम होते, आणि या मैदानावर येऊन आदळते. १९८०च्या ११ जानेवारीला याच गावच्या विमानतळावर सात मिनिटांत पारा ४७ अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे २६ सेल्सिअसने चढला होता. आमच्या वेळी इतकं नाही झालं. पण आदल्या रात्री दोन कोट घालून खोकी वाहिली आणि सकाळी दहाला मी स्वेटरवर फिरत होते.

हा वारा रसेलच्या गोष्टीतही आहे, तो शुक्रवारी सांगते.

दहाला दारं उघडली. येणाऱ्या लोकांत मला दोन जाती दिसल्या. काही जण चित्रापासून आठ फुटांवर उभे राहतात, मान तिरकी करून बघतात. ते संग्राहक. दुसरे थेट नाक लावतात आणि घोड्याच्या खुरापासून बघायला सुरुवात करतात. ते रँचवाले, म्हणजे गुरांचे मोठे मळे चालवणारे. आजोबा संग्राहकांशी मनमोकळं बोलत होते. रँचवाला आत आला की गप्प होत होते.

दुपारी तीनच्या सुमारास असाच एक जण आला. साठीचा, बुटांना वाळलेला चिखल, हॅट काढून छातीशी धरलेली. मोठ्या चित्रासमोर तो इतका वेळ थांबला की मी वही उघडून ठेवली. चित्र असं: संधिप्रकाश, गोठत आलेला ओढा, एक स्वार दोन रिकामे घोडे मागे घेऊन पाण्यात उतरतोय. त्याच्या खोगिराला डाव्या अंगाला फासाच्या दोराचं वेटोळं, आणि अख्ख्या चित्रातला शेवटचा उजेड नेमका त्या वेटोळ्यावर.

“हा डावखुरा आहे का?” त्याने विचारलं.

आजोबा काही बोलले नाहीत. तो हळू आवाजात सांगू लागला. उजव्या हाताने फास टाकणारा दोर खोगिराच्या उजवीकडे अडकवतो आणि लगाम डाव्या हातात धरतो. इथे दोर डावीकडे आहे, लगाम उजव्या हातात. डावखुरा माणूस असेल तर बरोबर आहे. “माझा थोरला भाऊ डावखुरा होता. त्याचं खोगीर असंच दिसायचं. म्हणून थांबलो.”

मला कळत होतं की इथे नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर चित्र विकलं गेलं असतं. अडतीसशे डॉलरचं चित्र, त्या खोलीतलं सगळ्यात महाग. आजोबा म्हणाले, “नाही. डावखुरा नाही तो. मी फोटो उलटा केला होता. ओढा डावीकडून उजवीकडे वाहायला हवा होता मला. घोड्याच्या पुठ्ठ्यावरचा डाग सुलटा केला. बाकीचं राहून गेलं.”

रँचवाल्याने परत नाक लावलं. “हं. तरीच तंगाची, पोटाखालच्या पट्ट्याची, गाठ दिसेना. माणूस डावखुरा असो नाहीतर कुणी, तंग आवळतात तो घोड्याच्या डाव्या बाजूने. गाठ इथे हवी.” त्याने बोट चित्रापासून इंचभर लांब धरलं, लावलं नाही. मग हॅट घातली, चांगलं चित्र आहे म्हणाला आणि गेला.

आजोबांनी किंमतीचं कार्ड काढून खिशात घातलं. चित्र भिंतीवरच ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिघांनी त्याची किंमत विचारली. वही माझ्याकडे होती, बोलायचं मी होतं, आणि मी तिघांनाही सांगितलं की हे चित्र अजून पुरं झालेलं नाही.

रात्री जेवताना मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. मी चौथीत असेन. प्रदर्शनात बाबांचं बैलगाडीचं मोठं चित्र होतं, रंकाळ्याकाठची संध्याकाळ. करवीर तालुक्यातले एक शेतकरी बाजाराला आले होते, उन्हाचं आत शिरले. चित्रासमोर उभं राहून म्हणाले, “मास्तर, बैलाला येसण न्हाई आन् कासरा कशाला वडतोय गडी?” सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी दालन बंद झाल्यावर मला घरी पाठवलं नाही, तिथेच बसवून घेतलं, आणि दोन ब्रशांनी दोन्ही बैलांना येसण घातली. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याची वाट बघत होते. ते परत आले नाहीत.

आजोबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी येसण म्हणजे नक्की काय, ती नाकपुडीतून कशी ओवतात, कासरा तिला कुठे बांधतात हे सगळं विचारलं आणि पेपर नॅपकिनवर मला काढायला लावलं.

जेवण बायसन बर्गरचं होतं. बायसन म्हणजे अमेरिकेतला रानगवा, इथल्या बोलीत बफेलो. बीफपेक्षा कमी चरबीचं, किंचित गोडसर मांस. जास्त भाजलं की चामट होतं, तेव्हा ऑर्डर देतानाच सांगा. शाकाहारी मंडळींनी दुपारची सोय सोबत ठेवावी. सकाळी बटाट्याचे हॅश ब्राउन्स, पॅनकेक सगळीकडे मिळतात, पुढे दिवसभर पंचाईत होते. मात्र हकलबेरी पाय चुकवू नका. जांभळाची आठवण करून देणारं रानफळ आहे, चव आंबटगोड. मेन्यूवरच्या किमतीत वर कर लागत नाही, मोंटानात विक्रीकरच नाही.

शुक्रवार

सकाळी आजोबांनी मला सुट्टी दिली. “आधी रसेलचं घर बघून ये. मग दुपारी तुझ्याशी नीट बोलता येईल.”

संग्रहालयाच्या आवारातच रसेल दांपत्याचं १९००चं लाकडी घर आहे आणि शेजारी १९०३मध्ये बांधलेला स्टुडिओ. टेलिफोनच्या खांबांसाठी आणलेल्या सीडरच्या ओंडक्यांचा तो बांधला आहे. मला वाटलं होतं चित्रकाराची खोली म्हणजे उत्तरेची मोठी खिडकी, पॅलेट, कॅनव्हास. हे सगळं आहेच. पण बाकी खोली म्हणजे एक जामदारखाना. खोगिरं, लगाम, दोर, मणिकाम केलेले कातडी कपडे, मोकॅसिन म्हणजे मऊ कातडी बूट. शेकोटीवर तो मित्रांसाठी स्वतः रांधायचा. गप्पा मारताना त्याच्या खिशात मेणाचा गोळा असायचा, बोटं चालू असायची, आणि गप्पा संपेपर्यंत एखादं अस्वल किंवा घोडा तयार व्हायचा.

सेंट लुईसच्या सुखवस्तू घरातला हा मुलगा १८८०मध्ये, सोळा पूर्ण होता होताच मोंटानात आला. चित्रकलेचं शिक्षण जवळजवळ नाहीच. अनेक वर्षं रात्रीच्या पाळीचा गुराखी. रात्री गुरं राखायची म्हणजे दिवस स्वतःचा, त्या दिवसात तो बघायचा आणि काढायचा. १८८६-८७च्या हिवाळ्यात या भागातली गुरं हजारोंनी मेली. मोंटानाची राजधानी हेलेना, तिथून मालकाने विचारलं, कळपाचं काय? उत्तर म्हणून रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात हाडांचा सापळा झालेलं एक जनावर काढलं, बर्फात उभं, भोवती टपलेले लांडगे. त्याला नाव पडलं ‘चिनूकची वाट बघताना’. गुरुवारी पहाटे ज्या वाऱ्याने मला उठवलं तो त्या हिवाळ्यात वेळेवर आला नव्हता. संग्रहालयातून बाहेर आले तेव्हा गटारातून बर्फाचं पाणी धो धो वाहत होतं, आणि मला त्या जनावराचे पाय आठवत राहिले.

इथे फिरताना आणखी एक व्यक्ती सतत भेटते. नॅन्सी. १८९६मध्ये लग्न झालं तेव्हा रसेल चित्रं मित्रांना वाटून टाकायचा नाहीतर पाच-दहा डॉलरला द्यायचा. किंमत सांगायचं काम नॅन्सीने हातात घेतलं. १९११मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन, १९१४मध्ये लंडनला. १९१२मध्ये हेलेनाच्या विधिमंडळासाठी पश्चिमेच्या शोधमोहिमेवर निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांची इथल्या मूळच्या सालिश लोकांशी भेट रंगवली, ती सुमारे पंचवीस फूट रुंद. ती मावावी म्हणून या स्टुडिओचं छप्पर उचलावं लागलं. मी आजींना घरासमोरूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. त्या घराच्या पायरीवर मी दरवर्षी पाच मिनिटं बसते. यंदा तू बस.” बसले.

तैलचित्रांच्या दालनात मी मुद्दाम सुरुवातीची आणि शेवटची चित्रं आलटून पालटून बघितली. सुरुवातीला सगळं तपकिरी, धुळकट, हालचाल मात्र जबरदस्त. शेवटच्या दहा वर्षांत रंग पेटतात. बर्फाच्या सावलीत निळा आणि जांभळा, टेकड्यांवर केशरी. पांढरा रंग कुठेच नुसता पांढरा नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेल्या कोटितीर्थ तळ्याच्या पाण्याबद्दल बाबा हेच सांगायचे: पाण्याला रंग नसतो, आभाळ त्याला रंग उसना देतं. रसेल १९२६ला गेला, आबालाल १९३१ला. एकाच काळात दोन टोकांना दोघे जण गावाबाहेर जाऊन संध्याकाळ बघत बसले होते.

रसेलने सांगून ठेवलं होतं की आपल्या अंत्ययात्रेला मोटार नको. चार काळ्या घोड्यांच्या गाडीतून त्याला नेलं, गावातल्या शाळा सोडल्या होत्या.

दुपारी खोलीवर परतले तर दोन लहान चित्रं विकली गेली होती. आजोबांनी एकावर पन्नास डॉलर कमी केले होते. मी वहीत तसंच लिहिलं.

संध्याकाळी गावातली एक जुनी जागा दाखवायला त्यांनी नेलं. एका मोटेलचा बार, १९६०च्या दशकातला. बारमागच्या भिंतीला मोठ्या काचा आहेत आणि पलीकडे पोहण्याचा तलाव. तिथे जलपऱ्यांचा पोशाख घातलेल्या मुली पाण्याखाली पोहतात, काचेपाशी येऊन हात हलवतात. समुद्रापासून इतक्या लांब, बाहेर बर्फ वितळतोय, आणि आत निळा उजेड. आजोबांनी तिथेही स्केचबुक काढलं. पाण्याखाली केस कसे तरंगतात हे त्यांना बघायचं होतं.

शनिवार

सकाळी लवकर उल्म गावाजवळच्या फर्स्ट पीपल्स बफेलो जंपला गेलो, शहरापासून पंधरावीस मिनिटांवर. मैलभराहून लांब वाळूच्या दगडाचा कडा. घोडे येण्याआधी, हजार वर्षांहून जास्त काळ, इथले लोक बायसनचे कळप हुशारीने हाकत या कड्यावरून खाली पाडायचे. मांस, कातडी, हाडं, शिंगं, सगळ्याचा उपयोग. वर उभं राहिलं की वारा कानात शिट्टी घालतो आणि खाली मिझुरी नदीचं खोरं पसरलेलं दिसतं. कोट्यवधी बायसन होते. १८८०चं दशक संपेपर्यंत जेमतेम हजारभर उरले होते.

हे सांगते कारण त्यानंतर लगेच जे बघितलं ते याला जोडलेलं आहे. दुसऱ्या एका प्रदर्शनात इथल्या मूळ रहिवाशांपैकी ब्लॅकफीट समाजातल्या एका चित्रकार बाईंचं टेबल होतं. त्यांची चित्रं जुन्या खतावण्यांच्या पानांवर. खरीखुरी, शंभर वर्षांपूर्वीची हिशेबाची पानं, वर शाईतल्या नोंदी: पीठ, खिळे, साखर. त्या आकड्यांवरून सरळ घोडे धावत जातात, लाल, निळे, पिवळे. मी म्हटलं, आमच्याकडे असल्या चोपड्या दिवाळीत पूजतात. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे कातड्यावर चित्रं काढायचे. बायसन संपले, कातडी संपली. मग व्यापाऱ्यांच्या आणि सैन्याच्या वह्या हाताला लागल्या.” फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियनच्या तुरुंगात १८७५ ते १८७८ डांबलेल्या मैदानी जमातींच्या योद्ध्यांनी अशाच वह्या भरल्या. तिथून या कलेला मोठी ओळख मिळाली.

त्यांच्या एका चित्रात घोडे नव्हते. नदी, तंबू, आणि बर्फावर आडवे आकार, खूप. २३ जानेवारी १८७०, मरायस नदी. अमेरिकन सैन्याने थंडीत झोपलेल्या ब्लॅकफीट वस्तीवर गोळीबार केला, मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. ती नदी ग्रेट फॉल्सच्या उत्तरेला, फार लांब नाही. खाली शाईतली जुनी नोंद होती, ‘साखर, १० पौंड’.

माझ्या मते हा आठवडा बघायला येणाऱ्याने आधी हे टेबल बघावं, मग बाकीच्या खोल्या. फ्रंटियर हा शब्द एका बाजूने बोललेला आहे. ती सीमा ज्यांच्या अंगणातून गेली त्यांच्याकडे तिला वेगळं नाव असणार. आजोबाही हे मानतात. गेली काही वर्षं त्यांनी ‘इंडियन’ लोकांची चित्रं काढणं थांबवलं आहे. “मी त्यांच्यात राहिलो नाही. एक दोर चुकतो माझा. तिथे काय काय चुकेल.” मी त्या बाईंचं घोड्यांचं एक पान आकड्यांसकट विकत घेतलं, लहानसं.

*फोटोंबद्दल:* चित्राचा फोटो घेण्याआधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि विचारल्यामुळे बोलणं सुरू होतं. हॉटेलातल्या खोल्या बघायला आम्हाला तिकीट लागलं नाही, संग्रहालयाला लागतं.

दुपारी लोकांसमोर ठरलेल्या वेळात चित्र काढण्याचा कार्यक्रम बघितला. दोन डझन चित्रकार, प्रेक्षक खांद्यावरून डोकावतायत, आणि वेळ संपली की ओल्या चित्रांचा तिथल्या तिथे लिलाव. आजोबा यात भाग घेत नाहीत. पण एका मुलीने पॅलेट नाइफने तीन फटक्यांत घोड्याची मान काढली तेव्हा त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं.

पाचला आम्ही खोली आवरायच्या बेतात होतो. दारात तोच रँचवाला. हातात चामड्याचा एक लांब पट्टा, काळपट, घामाने मऊ झालेला. लॅटिगो. खोगिराच्या कडीतून आणि तंगाच्या कडीतून हा ओवून घोड्याला खोगीर आवळतात. “तुम्हाला गाठ दाखवायची राहिली,” तो म्हणाला.

त्याने हॉटेलची खुर्ची उलटी केली, तिच्या दांडीला पट्टा ओवला, दोनदा फिरवला, आडवा घेतला, मागून वर काढला आणि पुढून खाली ओढला. नेकटायची गाठ असते ना, अगदी तशीच. वर एक सपाट त्रिकोण, खाली लोंबणारं टोक. मग सोडली. मग परत बांधली, सावकाश. आजोबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, गुडघ्यावर स्केचबुक. “पुन्हा,” ते म्हणायचे आणि तो पुन्हा बांधायचा. चामड्याला जिथे रोज घडी पडते तिथे चकाकी होती, आजोबांनी ती वेगळी काढली. सहा पानं भरली. कॉरिडॉरमधले इतर चित्रकार दाराशी जमले. त्यातल्या एकानेही आपलं स्केचबुक आणलं.

जाताना त्याने पट्टा खुर्चीवरच ठेवला. “घरी अजून आहेत.” मी वही पुढे केली, त्याने नंबर लिहिला आणि खाली एक शब्द: ‘उजवा’.

रविवार आणि नंतर

परतताना खिंडीत पुन्हा बर्फ होता. निघण्याआधी अर्धा तास जायंट स्प्रिंग्जला थांबलो. मिझुरीच्या काठावर जमिनीतून वर येणारा प्रचंड झरा, बारमाही साधारण १२ अंशांचं पाणी, म्हणून कधी गोठत नाही. तळाला हिरवीगार पाणवनस्पती आणि कडेला बर्फ. लुईस आणि क्लार्कची तुकडी १८०५च्या जूनमध्ये इथल्या पाच धबधब्यांना वळसा घालताना होड्या चाकांवर घालून ओढत नेत होती. अठरा मैलांना जवळपास महिना लागला. आता बहुतेक धबधब्यांवर धरणं आहेत.

सतरांपैकी चार चित्रं विकली, सगळी लहान. हॉटेलचं भाडं आणि पेट्रोल निघालं, वर थोडे उरले.

मोठं चित्र एप्रिलभर आजोबांच्या गॅरेजमध्ये ईझलवर होतं. तो पट्टा बाजूच्या खिळ्याला. आधी त्यांनी व्हार्निश उतरवलं, मग बारीक पॉलिश पेपरने दोराचं वेटोळं घासलं, आणि त्या जागी खोगिराचं साधं चामडं रंगवलं. लगाम डाव्या हातात आला, त्यासाठी अख्खा दंड बदलला. दोर घोड्याच्या पलीकडे गेला, स्वाराच्या मांडीमागून त्याची नुसती कड दिसते. चित्रातला शेवटचा उजेड आता तंगाच्या गाठीवर आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. मी रोज संध्याकाळी बघायला जायचे. दिवा बाजूने धरला की जुन्या वेटोळ्याचा उंचवटा अजून रंगाखालून दिसतो.

मेच्या पहिल्या रविवारी आजी काठी न घेता चालत गॅरेजमध्ये आल्या. चित्र बघितलं, वही मागितली, नंबर शोधला आणि फोन लावला. पलीकडून आवाज आल्याबरोबर आजोबा उठून अंगणात गेले.